जाहीरनामा न वाचता दिलेली मते

पर्वतीपायथा (धागालेखक)

पुणे महानगरपालिकेसाठी १५ जानेवारी २०२६ रोजी मतदान झाले. त्याच्या आधीच्या रविवारी एका पक्षाचे चौघांचे पॅनेल आमच्या सोसायटीत येऊन गेले. पार्किंगमध्ये पंचवीस-तीस जण जमलो होतो. पाऊण तासात कोणकोणते प्रश्न विचारले गेले, ते मी मुद्दाम लक्षात ठेवले. मागच्या गल्लीतला दिवा कधी लागणार, टँकरसाठी फोन कोणाला करायचा, तुम्ही राहायला नक्की कुठे, असे ते प्रश्न होते. शेवटी एका आजींनी चौथ्या उमेदवाराकडे निरखून पाहत विचारले, "तू आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या सरांचा मुलगा ना रे?" तो होता, आणि त्याचे काम तिथेच झाले. मिळकतकर, नदीकाठ सुधार प्रकल्प, समाविष्ट गावांचे पाणी, पीएमपीच्या बसगाड्या यांपैकी एकाही विषयावर कोणी तोंड उघडले नाही, आणि त्या न उघडणाऱ्यांत मीही होतो. जाहीरनाम्याची जी घडीपत्रिका घरोघर दिली गेली, तिच्या आठ-दहा प्रती संध्याकाळी जिन्यातल्या मीटरच्या पेटीवर पडलेल्या होत्या.

अशा वेळी सुशिक्षित माणसाची प्रतिक्रिया ठरलेली असते. लोक जातीवर, पाकिटावर आणि चेहऱ्यावर मत देतात, धोरण कोणाला कळते, असे म्हणून तो मोकळा होतो. परंतु आमच्या सोसायटीत दोन सनदी लेखापाल आणि तीन निवृत्त प्राध्यापक आहेत, आणि त्यांनीही दिव्याबद्दलच विचारले. त्यामुळे अज्ञान हे कारण मला पुरेसे वाटत नाही. माझे म्हणणे असे आहे की मतदार ज्या गोष्टीची शहानिशा स्वतः करू शकतो तिच्यावर मत देतो, आणि धोरण ही तशी गोष्ट आपल्याकडे राहिलेली नाही.

पुण्याचेच पाहा. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमानुसार कार्यकारी अधिकार आयुक्तांकडे असतात, आणि आयुक्तांना राज्य सरकार पाठवते. मेट्रो ही केंद्र आणि राज्य यांची मिळून केलेली कंपनी बांधते. पीएमपी ही पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांची कंपनी आहे. जुन्या हद्दीचा विकास आराखडा मार्च २०१५ मध्ये राज्य सरकारने महापालिकेकडून काढून घेतला आणि जानेवारी २०१७ मध्ये, पालिकेच्या मतदानाला दीड महिना उरला असताना, स्वतःच मंजूर केला. मग माझ्या प्रभागातला उमेदवार जमिनींवरच्या आरक्षणांबद्दल किंवा मेट्रोबद्दल काय म्हणतो हे विचारून मी नक्की काय तपासणार? त्याच्या हातात खात्रीने असते ती अंदाजपत्रकातली 'स' यादी, म्हणजे प्रभागातल्या लहानसहान कामांचा निधी, आणि त्या निधीतून बसवलेली, पाठीवर स्वतःचे नाव रंगवलेली बाकडी.

शिवाय त्याच्या हातात फोन असतो. २०२३ च्या दिवाळीत, लक्ष्मीपूजनाच्या सकाळी, आमच्यासमोरचे ड्रेनेजचे चेंबर तुंबले आणि तळमजल्यावरच्या दोन घरांच्या न्हाणीघरांत घाण पाणी वर आले. सणाची सुटी असल्यामुळे तक्रार नोंदवून वाट पाहणे एवढेच आपल्या हातात होते. कोणीतरी आमच्या माजी नगरसेवकाला फोन केला. वीस मिनिटांत तो गाडीवरून आला, पायात स्लीपर आणि अंगात घरातला टी-शर्ट. त्याने जेटिंगची गाडी मागवली, ती येईपर्यंत तासभर तिथेच उभा राहिला, झाकण उचलल्यावर वर आलेला फडक्याचा बोळा स्वतः काठीने बाजूला ओढला आणि चहा न घेता निघून गेला. लक्षात घ्या, तेव्हा तो पदावर नव्हता. मार्च २०२२ पासून पालिकेवर प्रशासक होते आणि सभागृहच अस्तित्वात नव्हते. जवळजवळ चार वर्षे शहर नगरसेवकांविना चालले. या काळात लोकांना कशाची उणीव भासली असे मी आसपास विचारतो, तेव्हा कोणीही 'धोरणात्मक निर्णयांची' असे उत्तर देत नाही. फोन करायला माणूस नव्हता, असे सांगतात.

इतरांचे अनुभव वाचायला आवडतील. केवळ एखाद्या पक्षाची बाजू मांडायची असल्यास कृपया वेगळा धागा काढावा.

कसब्यातला

आपल्या म्हणण्याला आमच्या कसबा मतदारसंघात पुरावाही आहे आणि छेदही आहे, म्हणून जरा विस्ताराने लिहितो.

फेब्रुवारी २०२३ च्या विधानसभा पोटनिवडणुकीत रवींद्र धंगेकर काँग्रेसच्या तिकिटावर भाजपच्या हेमंत रासने यांच्यापेक्षा जवळपास ११ हजार मते जास्त घेऊन निवडून आले. गिरीश बापट १९९५ पासून येथून सलग पाच वेळा आमदार झाले होते, त्यानंतर मुक्ता टिळक आल्या, म्हणजे हा मतदारसंघ कोणाचा होता हे सांगायला नको. धंगेकर त्याआधी शिवसेनेत होते, मग मनसेत होते, आणि मनसेकडून २००९ आणि २०१४ मध्ये याच जागेवर हरलेही होते. तेव्हा त्यांना मत देणाऱ्या माणसाने पक्षाचे धोरण तोलून मत दिले असे कोणी म्हणू नये. 'हू इज धंगेकर' या प्रचारातल्या वाक्याचे उत्तर आमच्या गल्लीतल्या प्रत्येकाकडे होते, कारण प्रत्येकाने त्यांना स्कूटरवर पाहिलेले होते.

त्या वेळी टिळक कुटुंबाला उमेदवारी नाकारल्याची ब्राह्मण समाजातली नाराजी हा मोठा मुद्दा आहे, असे वर्तमानपत्रे रोज लिहीत होती. ती नाराजी खरी होती, ओट्यावरच्या गप्पांत मी स्वतः ऐकली आहे. परंतु तीच नाराजी घेऊन जो उमेदवार स्वतंत्रपणे उभा राहिला, त्याला मिळालेली मते काही शेकड्यांतच राहिली. रागाने बोलणारा माणूस मतदानयंत्रासमोर उभा राहिला की निवडून येऊ शकणाऱ्यांतूनच निवडतो. जातीचे मत म्हणजे डोळे मिटून दिलेले मत, असे समजणाऱ्यांनी एवढे तरी पाहावे.

आता छेद. हेच धंगेकर मे २०२४ मध्ये लोकसभेला मुरलीधर मोहोळ यांच्याकडून सव्वा लाखाच्या आसपास मतांनी हरले, आणि नोव्हेंबरमध्ये त्याच कसब्यात त्याच रासने यांनी त्यांना १९ हजारांहून अधिक मतांनी हरवले. स्कूटर तीच होती आणि फोनही तोच होता. वीस महिन्यांत माणूस बदलला नाही, तर बदलले काय? मला असे वाटते की पोटनिवडणुकीत सरकार पणाला लागलेले नसते, त्यामुळे मतदाराला माणूस निवडण्याची चैन परवडते. सरकार ठरणार असते तेव्हा तोच मतदार चिन्हाकडे वळतो. तेव्हा 'लोक माणूस पाहतात' हे म्हणणे अर्धेच आहे. माणूस केव्हा पाहायचा आणि चिन्ह केव्हा, हेही त्यांना कळते.

निरुत्तर

एवढा मोठा लेख लिहिलात आणि पाकिटावर एका शब्दाने बोळवण केलीत.

पर्वतीपायथा (धागालेखक)

टाळले नाही, फक्त मला त्याचे वजन तितकेसे वाटत नाही. आमच्या भागात पाकीट येते तेव्हा एकाहून अधिक पक्षांचे येते, घेणारे सर्वांचे घेतात आणि मत ठरलेल्या ठिकाणीच देतात, असे घेणारेच हसत सांगतात. गुप्त मतदानात दिलेल्या पैशाची वसुली करता येत नाही, हे देणाऱ्यालाही ठाऊक असते. तो देतो, कारण समोरचा देत आहे आणि आपण न दिल्यास 'याला आपली किंमत नाही' असा अर्थ लावला जाईल. देवदर्शनाच्या सहली, हळदीकुंकवातली भांडी, पैठणीचे खेळ हे सारे त्याच हिशेबात मोडते. ही एक प्रकारची हजेरी आहे. लग्नातल्या आहेरासारखी तिची गत आहे: देऊन उपकार होत नाहीत, न दिले तर मात्र लक्षात राहते.

मोजपट्टी

या विषयावर परदेशांत बरेच मोजमाप झालेले आहे, त्यातले दोन प्रयोग येथे उपयोगी पडतील.

अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ अलेक्झांडर टोडोरोव्ह आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना सिनेटच्या निवडणुकीतल्या दोन प्रतिस्पर्ध्यांची केवळ छायाचित्रे दाखवली आणि यांतला अधिक कर्तबगार कोण वाटतो, एवढेच विचारले. उमेदवार ओळखीचा असल्यास ते उत्तर गाळले. उरलेल्या उत्तरांत ज्याचा चेहरा कर्तबगार ठरला, तोच सुमारे सत्तर टक्के लढतींत प्रत्यक्षात निवडून आलेला होता. पुढे २००९ मध्ये अँटोनाकिस आणि डालगास यांनी स्वित्झर्लंडमधल्या शाळकरी मुलांना फ्रान्सच्या संसदीय निवडणुकीतल्या उमेदवारांची छायाचित्रे दाखवून, यांतल्या कोणाला तुमच्या जहाजाचा कप्तान कराल, असे विचारले. मुलांचे कप्तान आणि मतदारांचे प्रतिनिधी बहुतांशी जुळले.

आपल्याकडच्या फ्लेक्सचा खर्च मला यानंतर कमी हास्यास्पद वाटू लागला. चौकातल्या वीस फुटी फलकावर धोरणाचा एक शब्दही नसतो, असतो तो हात जोडलेला चेहरा, आणि त्याच्या भोवती बोरांएवढे पन्नास कार्यकर्ते.

धागालेखकांच्या 'शहानिशा' या मुद्द्याला अर्थशास्त्रातही आधार आहे. अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्येच मांडले होते की एका मताने निकाल फिरण्याची शक्यता नगण्य असल्यामुळे धोरणांचा अभ्यास करण्यात वेळ घालवणे सामान्य मतदाराला परवडत नाही. त्याचे अज्ञान हे हिशेबी अज्ञान असते. मात्र चेहऱ्याचे प्रयोग या हिशेबाच्या पलीकडे जातात. कप्तान निवडणारे मूल कोणत्याही गोष्टीची शहानिशा करत नव्हते. धागालेखकांनी ड्रेनेजवाल्या नगरसेवकाला जेवढे श्रेय दिले, तेवढेच काही त्याच्या चेहऱ्यालाही गेले असण्याची शक्यता त्यांनी मान्य करावी.

ओढ्याकाठी

मी अरण्येश्वरच्या बाजूला राहते. २५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आमच्यातले कोणी विसरलेले नाही. आंबिल ओढ्याचे पाणी अर्ध्या तासात सोसायटीच्या आवारात शिरले, सीमाभिंती पडल्या, गाड्या एकमेकींवर चढल्या, जीव गेले. सकाळी आमच्या जिन्याच्या चौथ्या पायरीवर चिखलाची जी रेघ उमटलेली होती, ती रंगकाम होईपर्यंत दीड वर्ष तशीच होती. ओढ्याचे पात्र कोणी अरुंद केले, नाल्यावर बांधकामांना परवानग्या कशा मिळाल्या, याहून अधिक उघडावाघडा धोरणाचा प्रश्न असू शकत नाही, आणि त्याची शहानिशा करायला आम्हाला जिन्याबाहेर पडण्याचीही गरज नव्हती.

त्यानंतर सव्वीस दिवसांनी, २१ ऑक्टोबरला, विधानसभेचे मतदान झाले. पर्वती मतदारसंघात पूर्वीच्याच आमदार पुन्हा निवडून आल्या, आणि चांगल्या मताधिक्याने आल्या. त्यांना दोष द्यावा असे माझे म्हणणे नाही. ओढा एका आमदाराने अरुंद केलेला नसतो, आणि पूर आला तेव्हा सर्व पक्षांचे लोक चिखलात उतरलेले मी पाहिले. मला नवल वाटले ते प्रचाराचे. आमच्या दारात त्या काळात जे आले, त्यांपैकी एकानेही ओढ्याच्या पूररेषेचा विषय काढला नाही. सर्वांनी पंचनामा झाला का आणि मदतीचे पैसे मिळाले का, हे विचारले. आम्हीही तेवढेच सांगितले.

त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट सांगते. १८ ऑक्टोबरला साताऱ्यात शरद पवार भर पावसात भिजत बोलले. मतदानाला तीन दिवस उरलेले होते. मे महिन्यात सव्वा लाखाहून अधिक मताधिक्याने निवडून आलेले उदयनराजे भोसले पक्ष बदलून पोटनिवडणुकीला उभे होते, ते पवारांच्या पक्षाच्या श्रीनिवास पाटील यांच्याकडून सुमारे ८७ हजार मतांनी हरले. पक्षांतराचा राग आधीपासून होताच, सारे श्रेय पावसाला देता येणार नाही. तरीसुद्धा एक पाऊस शेकडो घरांत शिरला आणि मतांत काही हलल्याचे दिसले नाही, तर दुसरा एका वृद्ध नेत्याच्या डोक्यावर पडला आणि त्याच्याबद्दल लोक आजही बोलतात. मोजपट्टी यांनी याचेही मोजमाप कुठे झालेले असल्यास सांगावे.

मोजपट्टी

झालेले मला माहीत नाही. माझा तर्क एवढाच की आपल्या पुराला गुन्हेगार सापडत नव्हता, परवानग्या वीस-तीस वर्षांत वेगवेगळ्या लोकांनी दिलेल्या होत्या. साताऱ्यातल्या गोष्टीत पात्रे दोनच होती आणि दोघांची नावे ठाऊक होती.

जुना_वाचक

वरचे सर्व वाचताना असा समज होतो की पुणेकराने धोरणावर मत कधी दिलेलेच नाही. माझ्या वडिलांच्या पिढीने दिले होते.

१९५७ च्या लोकसभा निवडणुकीत पुण्यात काँग्रेसतर्फे काकासाहेब गाडगीळ उभे होते. स्वातंत्र्यचळवळीतले, केंद्रात मंत्री राहिलेले, घरोघर ओळखीचे, आणि मुख्य म्हणजे मुंबई महाराष्ट्रातच हवी असे लोकसभेत ठासून बोललेले. व्यक्ती म्हणून त्यांच्यात उणे काढायला जागा नव्हती. त्यांच्याविरुद्ध संयुक्त महाराष्ट्राच्या बाजूने ना. ग. गोरे उभे राहिले, आणि गोरे निवडून आले. वडील सांगत की आमच्या वाड्यात काकासाहेबांबद्दल एकही वाईट शब्द निघाला नाही, आणि मतही एकाचे पडले नाही. 'माणूस आपला आहे, पण मत त्याच्या पक्षाला जाते' असे माझी आजी म्हणाली होती, आणि तिचे शिक्षण चौथीपर्यंत झालेले होते.

त्या वेळी हे शक्य झाले याचे कारण माझ्या मते साधे आहे. प्रश्न एक होता, उत्तर हो किंवा नाही एवढेच होते, आणि कोण कोणत्या बाजूला आहे याबद्दल तिळमात्र शंका नव्हती. आज १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या कायद्यानंतर आमदाराने व्हिपप्रमाणे मत द्यायचे असते, म्हणजे त्याच्या स्वतःच्या मतांना सभागृहात किंमत नाही. पक्षाची मते पाहावीत, तर २०२२ मध्ये शिवसेना आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी दुभंगली, आणि ज्याच्याविरुद्ध मत मागितले त्याच्याच शेजारच्या खुर्चीवर आमचा उमेदवार जाऊन बसला. अशा वेळी जाहीरनामा वाचणाऱ्या माणसाला मी भाबडा म्हणेन.

कोथरूडचे उदाहरणही येथे नोंदवतो. २०१९ मध्ये विद्यमान आमदार मेधा कुलकर्णी यांच्याऐवजी कोल्हापूरच्या चंद्रकांत पाटील यांना उमेदवारी मिळाली, तेव्हा 'बाहेरचा उमेदवार' हा शब्द कर्वे रस्त्यापासून पौड फाट्यापर्यंत दुमदुमत होता. ते निवडून आले, पण २०१४ च्या तुलनेत मताधिक्य निम्म्याहूनही खाली आले. २०२४ मध्ये तेच पाटील लाखाहून अधिक मताधिक्याने आले. पाच वर्षांत बाहेरचा माणूस आतला झाला होता. आमच्या टेकडीवर सकाळी फिरायला येणाऱ्यांशी त्यांची ओळख झाली होती, असे कोथरूडचे स्नेही गमतीने सांगतात.

दांडेकरपूल

मी वस्त्यांमध्ये बचत गटांचे काम करते, त्यामुळे 'लाडकी बहीण' हा विषय इथे कोणी काढला नाही याचे आश्चर्य वाटले. २०२४ मध्ये जुलैपासून लागू झालेले महिन्याचे दीड हजार रुपये हे धोरणच होते, आणि त्यावर मत दिल्याचे स्त्रियांनी मला उघडपणे सांगितले. तेव्हा लोक धोरण पाहत नाहीत हे विधान सरसकट खरे नाही.

त्यातही एक बारकावा आहे. महाविकास आघाडीने दुप्पट, म्हणजे तीन हजार देण्याचे आश्वासन दिले होते. लोक केवळ रकमेला भुलत असते तर निकाल वेगळा लागला असता. आमच्या गटातली एक ताई म्हणाली, "ते तीन हजार कागदावर आहेत, हे दीड हजार माझ्या मोबाइलमध्ये आले." तिने बँकेचा संदेश उघडून मला दाखवला, मिटवायचा नाही म्हणून तिने तो जपून ठेवला होता. धागालेखक ज्याला शहानिशा म्हणतात ती हीच असावी. मात्र त्यांच्या सोसायटीतल्या लोकांनी दिव्याबद्दल विचारले की तो शहाणपणा ठरतो, आणि आमच्या ताईने पैशांबद्दल विचारले की तिला रेवडीवर भुललेली म्हणतात, हा फरक मला समजलेला नाही.

पर्वतीपायथा (धागालेखक)

दांडेकरपूल यांचे म्हणणे मान्य आहे. दिवा आणि दीड हजार यांत मला फरक करता येत नाही. मोजपट्टी यांचेही मान्य करतो: तो नगरसेवक दिसायला चांगला आहे, आणि हे माझ्या पत्नीने त्याच दिवशी बोलून दाखवले होते. जुना_वाचक यांच्या आजींचे वाक्य मात्र मला अडचणीत टाकणारे आहे, कारण मी नेमके उलटे केले. निरुत्तर यांनी खासगी निरोपात मी स्वतः मत कसे दिले हे विचारले आहे, तर ते इथेच सांगतो.

आमच्या प्रभागात चार जागा, म्हणजे प्रत्येकाला चार मते द्यायची होती. पहिल्या दोन जागांची मते मी नेहमीच्या पक्षाला दिली, उमेदवारांची नावे न वाचता, चिन्ह पाहून. तिसरे मत ड्रेनेजवाल्याला दिले. तो आता दुसऱ्या पक्षात आहे, आणि त्या पक्षाचे नदीबद्दलचे, मेट्रोबद्दलचे किंवा अन्य कशाबद्दलचेही म्हणणे मला पटत नाही. चौथ्या जागेवर मी अडलो. तिथे कोणालाच ओळखत नव्हतो, मागे रांग होती, आणि चारही मते नोंदवल्याशिवाय यंत्राची शिट्टी वाजत नाही, त्यामुळे मतदान अधिकारी खोकू लागले होते. चित्रकलेच्या सरांच्या मुलाचे नाव दिसले, ते दाबले.